गडग्याची फेरी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या राखणीच्या घरात, तीन वास असतात. आढीतल्या पेंढ्याचा कोरडा, किंचित तापलेला वास. त्या पेंढ्यात विसरून राहिलेल्या, एका बाजूने काळ्या पडलेल्या आंब्याचा आंबूस वास. आणि दुपारनंतर नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याचा वास, ज्यात ओल असते पण पाऊस नसतो. हे तिन्ही एका दिवशी आले की मी समजतो, राखण संपली. पुढच्या रविवारी गडग्याची फेरी करायची आणि गुरख्याला मोकळं करायचं.

बाग लांज्याहून सात किलोमीटर आत, कातळावर आहे. मी राहतो रत्नागिरीत. पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात धरणांच्या पातळ्या आणि पावसाचे आकडे नोंदवायचं काम करतो, त्याला सत्तावीस वर्षं झाली. बागेत येतो शनिवारी आणि रविवारी. आजोबांनी लावलेली चौसष्ट कलमं आहेत, त्यातली त्रेसष्ट उभी आहेत.

आमच्याकडच्या पुष्कळ बागांना राखणीला नेपाळी माणूस असतो. कार्तिकात तो पत्र्याची ट्रंक घेऊन लांज्याच्या एसटी स्टँडवर उतरतो, मांगरात राहतो, मोहोर फुटल्यापासून शेवटचा आंबा उतरेपर्यंत वानर हाकलतो आणि मृगाच्या आधी परत जातो. सगळे त्याला गुरखा म्हणतात. नाव विचारायचे कष्ट थोडेच घेतात.

जायच्या दिवशी आमच्या घरी एक रिवाज आहे, आजोबांच्या वेळेपासून. मालक आणि गुरखा मिळून गडग्याच्या, म्हणजे बागेभोवतीच्या जांभ्या दगडाच्या बांधाच्या कडेने फिरतात. गुरखा एकेका कलमाला हात लावून आकडा म्हणतो, मालकाने ‘पोचलं’ म्हणायचं. चौसष्टावं पोचलं की गुरखा आपली गलोल मालकाच्या हातात देतो आणि मालक त्याला नारळ. तोवर पान जरी गळलं तरी जबाबदारी त्याची. नंतर बाग पेटली तरी त्याला कोणी विचारायचं नाही. लहानपणी मला हा वेळेचा अपव्यय वाटायचा. कलमं कुठे चालत जाणार आहेत?

एकेचाळिसावं कलम एका वादळात मुळासकट गेलं. आडवं पडलेलं झाड कापल्यावर मुळाशी खोड राहिलं, बसायला बरं, गुडघ्याइतकं उंच. तरीही क्रमांक बदलले नाहीत. आमच्या कार्यालयात बंद झालेल्या पर्जन्यमापकाचा क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत, तसंच हे. फेरीत तिथे आलं की गुरखा म्हणतो, ‘‘एकेचाळीस, नाही.’’ मी म्हणतो, ‘‘पोचलं.’’

ज्या वर्षी ते पडलं, त्या मोसमाची वही माझ्याकडे आहे. प्रत्येक मोसमाची असते. कोणत्या कलमाला मोहोर कधी, फळ किती, साका, म्हणजे आतून पांढरं पडलेलं फळ, किती निघाला. त्या वर्षीच्या वहीत मात्र एक पान बागेचं नाही. त्यावर एक कोष्टक आहे आणि खाली निष्कर्ष. निष्कर्षातल्या शेवटच्या दोन शब्दांखाली मी दोन रेघा ओढल्या आहेत. ते शब्द असे: घाई नको.

लॉकडाऊनचं दुसरं वर्ष होतं. शेतीच्या कामाचा दाखला खिशात ठेवून मी रत्नागिरीहून यायचो. पाली, लांजा, सगळीकडे शटर खाली, आणि मोकळ्या हमरस्त्यावर आंब्याच्या क्रेटनी भरलेले टेम्पो तेवढे धावताना दिसत. माझ्या बायकोची, सुनंदाची, शाळा बंद होती, म्हणून तीही सोबत येई. ती रत्नागिरीतल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. त्या रविवारी ती मांगराच्या पत्र्यावर साठं घालत होती, म्हणजे आमरस ताटात पसरून उन्हात. खाली पायरीवर भाऊकाका वर्तमानपत्र वाचत होते. भाऊकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावच्या घरात एकटे राहतात आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात, ऐकायला कोणी असो वा नसो.

‘‘निघाले!’’ ते म्हणाले. ‘‘अमेरिकेचा सैन्य अफगाणिस्तानातून निघाला. सप्टेंबरपर्यंत सगळा परत. विन्या, बघ. वीस वर्षांनी शहाणपण आला.’’

बातमी एप्रिलच्या मध्याची. परदेशी सैन्य तिथे शिरल्याला वीस वर्षं होत आली होती. ते शिरलं तेव्हा मी नोकरीत नवा होतो, आमची मुलगी अजून झालेली नव्हती. निघेल तेव्हा ती वसतिगृहात असणार होती. मला त्या बातमीत एवढंच दिसलं, एक कालावधी.

‘‘परक्याच्या घरात वीस वर्षां बसायचा म्हंजे काय रे?’’ काका पुढे म्हणाले. ‘‘बोलावला कोणी होता? पावणा तरी इतकी वर्षां ऱ्हातो काय?’’

सुनंदा पत्र्यावरूनच बोलली. ‘‘काका, ते गेल्यावर मुलींच्या शाळांचं काय होणार?’’

‘‘त्यांच्या मुली, त्यांच्या शाळा. ते बघतील.’’

‘‘आधी ज्यांनी बंद केल्या तेच बघतील, होय ना?’’

काकांनी चष्मा काढून वर बघितलं. ‘‘मग काय बंदूकवाला मास्तर वर्गात कायमचा उभा करायचा? किती वर्षां? सांग आकडा.’’

असा आकडा कोणाकडेच नसतो. सुनंदा म्हणाली, ‘‘आकडे यांच्याकडे असतात,’’ आणि रसाचं पातेलं माझ्या हातात दिलं.

हा वाद ऐकणारा चौथा माणूस तिथे होता. प्रेमबहादूर, आमचा त्या वेळचा गुरखा. नऊ मोसम आमच्याकडे होता. मला दाजू म्हणायचा, म्हणजे त्यांच्या भाषेत थोरला भाऊ. त्याचा खरा थोरला भाऊ, टेकबहादूर, अफगाणिस्तानातच होता. एका परदेशी तळाच्या फाटकावर पहारेकरी. म्हणजे एक भाऊ आमच्या बागेत वानर हाकलत होता आणि दुसरा तिथे, दोघेही दुसऱ्याच्या दारावर. मला हे ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि त्या सकाळी ते लक्षात असणं यात फरक आहे.

दुपारी काका झोपल्यावर प्रेम माझ्याजवळ आला. ‘‘दाजू, एक हिसाब करून द्या ना.’’

‘‘कसला?’’

‘‘भाऊ विचारतो, आत्ता येऊ की थांबू? कंपनी म्हणते, ज्याला जायचं तो आत्ता जा, नाही तर शेवटपर्यंत थांबा, शेवटी आम्ही विमानाने नेऊ. तो म्हणतो, तुझे मालक सरकारी आकडेवाले आहेत, विचार त्यांना.’’

मला बरं वाटलं, हे लिहायला हवं. दूरच्या देशातला अनोळखी माणूस आपला सल्ला मागतो, याने बरं वाटतं. मी बागेची वही उघडली, नवं पान घेतलं. वर्तमानपत्रात सैनिकांचा आकडा होता. निघायला पाच महिने होते. आकड्याला पाचाने भागलं, दर महिन्याला एक भाग वजा केला, उरलेले पुढच्या रकान्यात लिहिले. फाटकावर किमान किती माणसं लागतात ते प्रेमने भावाला फोनवर विचारलं, तोही रकाना झाला. कोष्टकाप्रमाणे ऑगस्टअखेरपर्यंत ते फाटक चालू राहणार होतं. नेपाळची विमानं करोनाने बंद होण्याची चिन्हं होती, आत्ता निघाला तर मध्येच कुठेतरी अडकायची शक्यता जास्त. मी खाली लिहिलं, ‘सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. घाई नको.’ आणि रेघा ओढल्या.

प्रेमने त्या पानाचा फोटो काढला आणि भावाला पाठवला. देवनागरी आकडे, तिकडे वाचायला अडचण नव्हती.

सुनंदाने ताटाला तूप लावता लावता ते पान बघितलं. ‘‘यात मुलींचा रकाना कुठाय?’’

‘‘हे फाटकाचं कोष्टक आहे,’’ मी म्हणालो.

‘‘हो, तेच म्हणतेय.’’

त्या मोसमाचं आठवतं ते असं तुटक. मास्क लावून आंबा हुंगता येत नाही म्हणून हनुवटीवर उतरवलेला मास्क. आंबे उतरवायच्या काठीला लावलेल्या झेल्याच्या जाळीत देठासकट पडणाऱ्या फळाचा बारीक आवाज. देठ तुटला की उडणारा चीक, आणि तो लागून प्रेमच्या मनगटावर उठलेले काळे डाग. तो दर आठवड्याला सांगायचा, ‘‘भाऊ म्हणतो, कागद एकदम बरोबर चाललाय, दाजू.’’ मी मान हलवायचो. कागद बरोबर चालणारच होता. पहिल्या तीन आठवड्यांत कोणतंही कोष्टक बरोबर चालतं.

मग मेच्या मध्यावर वादळाचा इशारा आला. दोन दिवस हातात होते आणि माझ्या वहीप्रमाणे तीन आठवड्यांची काढणी बाकी होती. तयार, अर्धवट तयार, कोवळं, काही बघितलं नाही. गावातली आठ माणसं, प्रेम, सुनंदा, मी. काकासुद्धा क्रेटला कागद लावत बसले. दोन दिवसांत तीन आठवडे उतरवले. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला तेव्हा आम्ही शेवटच्या सात कलमांखाली होतो. त्यांचं फळ तसंच सोडून मांगरात आलो. मागे एकेचाळिसावं पडल्याचा आवाज झाला. मोठा आवाज नव्हता. कातळावरची माती पातळ, मुळं बाजूला पसरलेली, त्यामुळे ते उभंच्या उभं आडवं झालं.

वारा सुरू असताना करायला काही नव्हतं. मांगराच्या दाराशी बसून मी वही उघडली, काढणीचा तक्ता बघितला आणि तिथेच माझी चूक मला दिसली.

मी धरणांच्या पातळ्या नोंदवतो. धरणातून रोज सारखं पाणी सोडलं तरी पातळी रोज सारखी उतरत नाही. धरण वर रुंद, खाली चिंचोळं असतं. सुरुवातीला दिवसाला बोटभर उतरते आणि शेवटी हातभर. हे मला पंचविशीत शिकवलं होतं. नव्या कारकुनाला मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो. तरी मी एका सैन्याला पाचाने भागून सरळ रेषेत उतरवलं होतं. निघायचं ठरल्यावर माणसं तक्त्याप्रमाणे निघत नाहीत. शेवटचे तीन आठवडे दोन दिवसांत होतात आणि शेवटची सात कलमं तशीच राहतात.

वादळ उतरल्यावर मी प्रेमला सांगितलं, ‘‘माझं चुकलं. भावाला म्हणावं, आत्ता निघ. सप्टेंबरची वाट बघू नको.’’

प्रेमने तिथेच फोन लावला. बराच वेळ त्यांच्या भाषेत बोलला. मग मला म्हणाला, ‘‘तो म्हणतो, निघायचं बघतो. पण कागद इथे सगळ्यांनी बघितलाय.’’

‘‘सगळ्यांनी म्हणजे?’’

‘‘फाटकावरच्यांनी.’’

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. सात कलमांचं फळ खाली पडलं होतं, त्यातलं लोणच्याचं निवडायचं होतं.

जूनच्या आरंभी प्रेमबरोबर फेरी केली. ‘‘एकेचाळीस, नाही,’’ असं तोच पहिल्यांदा म्हणाला, थांबून, माझ्याकडे बघत, असं चालेल ना अशा नजरेने. मी ‘पोचलं’ म्हणालो. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याचा गावाहून फोन आला. टेक सुटला होता. त्यांचा तळ कोष्टकाच्या दोन महिने आधी बंद झाला. फाटकावरच्यांना सकाळी सांगितलं आणि दुपारी विमानात बसवलं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. सुनंदाने देवापुढे साखर ठेवली. माझ्या लेखी ते पान तिथे संपलं.

पुढच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत. जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात मोठा तळ त्यांनी एका रात्रीत सोडला, दिवे घालवून. ज्या स्थानिक अधिकाऱ्याच्या ताब्यात तो यायचा होता, त्याला काही तासांनी कळलं. भाऊकाकांनी ती बातमी नेहमीसारखी मोठ्याने वाचायला घेतली आणि मध्येच थांबले. ‘‘ताबा न देता?’’ ते म्हणाले. ‘‘अरे, शाळेतून बदली झाली तरी मी खडूच्या डब्यापर्यंत चार्ज दिलेला आहे.’’ निघून जावं हे त्यांचं मत बदललं नव्हतं. पण त्या दिवसानंतर ते बातमी वाचताना ‘शहाणपण’ हा शब्द वापरेनासे झाले. ऑगस्टमध्ये विमानतळाची दृश्यं टीव्हीवर आली, तेव्हा सुनंदा उठून आत गेली. मी बघत राहिलो. गर्दीचा अंदाज करत होतो, खोटं कशाला सांगू. सवय असते.

कार्तिकात लांज्याच्या स्टँडवर प्रेमची ट्रंक उतरली, पण ट्रंकेबरोबर प्रेम नव्हता. पन्नाशीचा, ताठ, बारीक मिशांचा माणूस होता. प्रेमने गावी दुकान घातलं होतं आणि भावाला पाठवलं होतं. टेकने मला सलाम केला. मी संकोचून हात जोडले. तो म्हणाला, ‘‘आकडेवाले साहेब ना?’’

टेक प्रेमसारखा बोलका नाही. वानरांवर ओरडत नाही, पत्र्याचा डबा दोनदा वाजवतो आणि उभा राहतो. बागेत कोणी आलं की नाव विचारतो, आत येताना आणि बाहेर जाताना. भाऊकाकांनाही त्याने पहिल्या दिवशी विचारलं. काका म्हणाले, ‘‘मेल्या, माझ्या बापाची बाग ही.’’ टेक म्हणाला, ‘‘हो काका. पण नाव?’’ काकांनी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. त्यांना ते मनातून आवडलं असावं, कारण नंतर ते न विचारताच सांगू लागले, ‘‘भाऊ आत!’’

पहिल्या मोसमात तो तिकडचं काही बोलला नाही. दुसऱ्या मोसमात एका दुपारी आम्ही आढी लावत होतो. एक थर पेंढा, एक थर आंबे. काकांनी सरळ विचारलं, ‘‘टेक, तू तिथे होतास. खरा सांग. त्यांनी निघायला हवा होता की नको?’’

टेकने हातातला आंबा देठ खाली करून ठेवला. ‘‘काका, निघायला तर हवं होतं. बाहेरचा माणूस फाटकावर किती वर्षं उभा राहणार? आतली माणसं फाटकाकडे बघायलाच विसरतात.’’

‘‘हां! हेच मी हिला सांगत होतो.’’

‘‘पण आत सतरा लोक होते,’’ टेक म्हणाला.

मग त्याने खिशातून एक तपकिरी डायरी काढली. फाटकावरचं रजिस्टर कंपनीचं, ते तिथेच राहिलं. ही त्याची स्वतःची होती. तळावर कामाला येणारे स्थानिक लोक, स्वयंपाकी, धोबी, झाडूवाले, दुभाषे, सकाळी आत येताना एक खूण आणि संध्याकाळी बाहेर जाताना दुसरी. रोज दोन्ही रकान्यांची बेरीज सारखी आली की दिवस संपला. शेवटच्या पानावर ‘आत’च्या रकान्यात सतरा खुणा होत्या. ‘बाहेर’चा रकाना त्या दिवशी कोरा राहिला होता. त्याला दुपारीच विमानात बसवलं होतं.

गावी परतल्यावर त्याने एकेकाचा नंबर लावायला सुरुवात केली. कोणी शेजारच्या देशात पोचल्याचं कळलं, कोणी घरी सुखरूप असल्याचं कळलं, की त्या नावापुढे ‘बाहेर’च्या रकान्यात खूण. तेव्हापर्यंत अकरा खुणा झाल्या होत्या. सहा नावं राहिली होती. त्यातलं एक नाव नजीब, धोबीखान्यातला. लहानपणी निर्वासित म्हणून पेशावरला वाढलेला, त्यामुळे उर्दू बोलायचा, त्यामुळे टेकशी दोस्ती. तीन मुली, थोरली नववीत.

‘‘नजीबला मेमध्ये बायको-मुलींना पेशावरला मेहुण्याकडे पाठवायचं होतं,’’ टेक म्हणाला. ‘‘तेव्हा रस्ता होता. तो मला म्हणाला, काय करू? मोठीची परीक्षा आहे. मी म्हणालो, परीक्षा होऊ दे, सप्टेंबरपर्यंत वेळ आहे.’’

भाऊकाका म्हणाले, ‘‘तुला काय माहीत, सप्टेंबर?’’

‘‘मी त्याला कागद दाखवला. म्हटलं, हिंदुस्तानातले सरकारी साहेब आहेत, धरणाचं पाणी मोजतात. त्यांनी हिसाब केलाय.’’

त्याच्या बोलण्यात ठपका नव्हता. तो घटनाक्रम सांगत होता, जसा सांगायचा तसा. पुढचा आंबा उचलून त्याने पेंढ्यात ठेवला. मी एक थर लावला, नंतर लक्षात आलं की पेंढा न टाकताच दुसरा लावला आहे, तो काढून परत लावला.

मेमध्ये मी चूक सुधारली होती, हे खरं आहे. पण सुधारणा प्रेमपर्यंत गेली, प्रेमकडून टेकपर्यंत. टेकने नजीबला सांगितलंही. नजीब म्हणाला, कागदावर तर वेगळं आहे. कागद फोटोत होता, सुधारणा तोंडी होती. माझ्याच कार्यालयात तोंडी सुधारणेला कोणी विचारत नाही, आणि तो नियम मला मान्य आहे.

या सगळ्याचं एक मत करता येतं का, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. बागेशी तुलना करायचा मोह होतो, आणि ती चूक आहे. बाग माझी आहे, गुरखा मी बोलावून आणतो, आणि तो गडगा फोडून आत शिरलेला नसतो. तिथे आलेले बोलावल्याशिवाय आले. काका म्हणतात तेवढं मला पटतं, आणि जायला हवं होतं हेही पटतं. वीस वर्षांत जे उभं राहिलं नाही ते एकविसाव्या वर्षी राहिलं असतं, असं मानायला माझ्या हाताशी काहीच नाही. पण धरणाचं पाणी सोडायच्या आधी आम्ही भोंगा वाजवतो. नदीकाठच्या गावांना कळवतो आणि कळलं का ते परत विचारतो. पाणी सोडावं की नाही हा प्रश्न मोठ्या साहेबांचा असतो. भोंगा वाजला की नाही हा आम्हा कारकुनांचा. पहिल्या प्रश्नावर जगभर चर्चा झाली, मीही वर्तमानपत्रं वाचली. दुसऱ्यावर माझ्या हातून एक कागद गेला, आणि त्यावर भोंग्याच्या उलट लिहिलेलं होतं.

सुनंदाला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘‘तुम्ही नसतं सांगितलं तरी परीक्षा होईपर्यंत ते थांबलेच असते. मुलीची परीक्षा म्हटल्यावर आई थांबते.’’ हे तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच तसं आहे म्हणून, हे मला ठरवता आलेलं नाही.

तेव्हापासून कार्तिकात स्टँडवर टेक उतरला की मी पहिला प्रश्न विचारतो, ‘‘किती?’’ तो म्हणतो, ‘‘सहा.’’ एका वर्षी ‘‘पाच’’ म्हणाला. धोबीखान्यातलाच दुसरा एक जण इराणमध्ये वीटभट्टीवर सापडला होता. मग परत दोन वर्षं ‘‘पाच.’’ टेक दर शुक्रवारी नजीबच्या नंबरवर एक निरोप टाकतो. त्याच्या पुढे एकच बरोबरची खूण येते, दुसरी येत नाही. प्रेमला मी फोनवर एकदा म्हणालो, भाऊ फार जिद्दी आहे तुझा. प्रेम म्हणाला, ‘‘जिद्द नाही दाजू, ड्यूटी संपली नाही त्याची.’’

गेल्या रविवारी या मोसमाची फेरी होती. तिन्ही वास गुरुवारीच आले होते. काका आता गडग्यापर्यंत चालत नाहीत. मांगराच्या पायरीवरून ‘‘भाऊ आत!’’ असं ओरडून वर्तमानपत्र उघडून बसले. सुनंदा साठाच्या वड्या कापत होती. टेक आणि मी निघालो. एक, पोचलं. दोन, पोचलं. विसाव्यापाशी मुंगळ्यांचं घरटं, सव्विसाव्याला या वर्षी फळच नाही, तेहतिसाव्याच्या फांदीला आधाराची बेचकी. सगळं बघत एकेचाळिसाव्यापाशी आलो.

टेक आकडा म्हणाला नाही. खोडावर बसला. आजपर्यंत कोणत्याही फेरीत तो बसलेला नव्हता.

‘‘साहेब, शुक्रवारी नव्या नंबरवरून आवाज आला,’’ तो म्हणाला आणि फोन माझ्यापुढे धरला.

मुलीचा आवाज होता, उर्दूत, सावकाश, पाठ केल्यासारखा. टेकचाचा, मी नजीबची मोठी मुलगी. अब्बूंनी तुमचा नंबर माझ्या वहीत लिहून दिला होता. आम्ही पेशावरला मामूकडे आहोत. अम्मी, मी आणि दोघी बहिणी. मी इथे लहान मुलांना गणित शिकवते. तुमची तब्येत कशी आहे?

एवढंच. टेकने ते तीनदा लावलं. वडिलांविषयी त्यात काही नव्हतं, आणि ‘लिहून दिला होता’ याच्यापुढे मी काही जोडू इच्छित नाही.

त्याने डायरी काढली. शेवटचं पान घामाने मऊ झालं होतं. ‘‘हिला कुठे लिहू, साहेब?’’ त्याने विचारलं. ‘‘ही कधी आत आलीच नव्हती. हिचं नावच नाही इथे. ‘आत’ नाही तर ‘बाहेर’ कसं लिहू?’’

दुसऱ्याच्या वहीत मी लिहीत नाही. बंद झालेल्या पानावर नवा रकाना पाडत नाही, आणि कोणी पाडला तर त्याला पान परत लिहायला लावतो. मी खिशातलं पेन काढलं. डायरी गुडघ्यावर ठेवली, ‘बाहेर’च्या उजवीकडे जेमतेम बोटभर जागा होती, तिथे पट्टीशिवाय एक उभी रेघ ओढली. ती थोडी वाकडी आली. वर काय लिहायचं ते सुचेना, म्हणून काही लिहिलं नाही. डायरी टेकला दिली. त्याने नजीबच्या ओळीत, त्या नव्या रकान्यात, चार खुणा केल्या. प्रत्येक खुणेनंतर थांबला. ‘बाहेर’चा रकाना त्या ओळीत कोराच होता, तो त्याने तसाच ठेवला.

मांगराकडून सुनंदाने हाक मारली, ‘‘अहो, झालं का? चहा ठेवू?’’

‘‘अजून तेवीस राहिलीत,’’ मी म्हणालो.

टेक उठला, डायरी खिशात ठेवली, खोडावर हात ठेवला.

‘‘एकेचाळीस, नाही.’’

‘‘पोचलं,’’ मी म्हणालो, आणि आम्ही बेचाळिसाव्याकडे निघालो.